विदोसावाचा खिशातला कॅमेरा

आमच्या ग्राबोवात्स गावात लग्न ठरलं की पहिला निरोप दोघांकडे जातो. एक मी, म्हणजे स्रेतेन, पितळी बँडचा म्होरक्या आणि ट्रम्पेटवाला. दुसरी विदोसावा, फोटोवाली. पाद्रीबाबांना त्यानंतर कळवतात, आणि त्याचा त्यांना अजून राग आहे. विदा आणि मी इतकी वर्षं एकाच अंगणात उभं राहून घाम गाळलाय की तिची भुवई वर गेली की गाणं आवरायचं, हे मला न सांगता कळतं. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझाच. तिला विचारलंत तर ती काही सांगणार नाही. 'फोटो बघा की' म्हणेल आणि कामाला लागेल.

ती मूळची शिवणकाम करणारी. नवरीचे झगे शिवायची. त्या काळी फोटोवाला चाचक शहरातून यायचा, दुपारपर्यंत टाकी फुल करायचा आणि मग दिसेल ते टिपत सुटायचा. विदाने महिनाभर खपून बाही शिवावी आणि फोटोत ती बाहीच कापलेली असावी. झग्याचा घोळ कुणाच्या तरी बुटाखाली असावा. एका लग्नात तिने भर अंगणात त्या माणसाची गचांडी धरली. 'माझी शिवण मला दिसली पाहिजे' म्हणाली, आणि पुढच्या हंगामात स्वतःच कॅमेरा घेऊन आली. अजूनही ती फोटो काढते तेव्हा ओठांत दोन-चार टाचण्या असतात. नवरीचा खांदा वर चढला असेल तर चापट मारून खाली बसवते. आणि 'हसा' असं तिने आजवर कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, हसत नाही, असं तिचं म्हणणं.

तिच्याकडे मोठा डिजिटल कॅमेरा होता, काळा, जड, पुढे हातभर नळकांडं. गावात त्याला सगळे तोफ म्हणायचे. एका हिवाळ्यात वाण्याच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला ही तोफ ऐन वेळी अडकली. पाद्रीबाबा बाळाला पाण्यातून वर काढतायत, बाळ टाहो फोडतंय आणि विदाचा कॅमेरा ढिम्म.

"बाबा, पुन्हा एकदा बुडवाल का जरा?" तिने विचारलं.

"विदोसावा," पाद्रीबाबा म्हणाले, "हा बाप्तिस्मा आहे. बिस्किट नाही, कॉफीत पुन्हा पुन्हा बुडवायला."

चर्चभर हशा पिकला, पण विदा हसली नाही. घरी जाताना मला म्हणाली, "स्रेतेन, जोडीला दुसरा हवाच. आज पोर होतं, उद्या नवरी असेल." कॅमेरा त्यानंतर आपोआप चालू झाला, पण तिचा त्याच्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

आता कोसाराआजीची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. आजीचा नवरा वुकोमान कधीच गेला. त्याचा दगड टेकडीवरच्या स्मशानात उभा आहे, काळा, चकचकीत, आमच्याकडे असतात तसा नवराबायकोचा मिळून. डाव्या अंगाला वुकोमानचा चेहरा सुईने टोचून कोरलेला. उजव्या अंगाला कोसाराचं नाव, जन्माचं साल आणि वर सपाट कोरी जागा. लोक जिवंतपणीच आपला चेहरा कोरून घेतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण आजीला आपला एकही फोटो पसंत पडेना. विदाने तोफ लावून तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा आजीची मान ताठ, डोळे वटारलेले, ओठ शिवल्यासारखे.

"ह्या बाईने कुणाचा तरी खून केलाय," पहिला फोटो बघून आजी म्हणाली. दुसरा तिने चुलीत घातला. तिसरा उलटा करून त्यावर गरम भांडं ठेवायला लागली.

त्या उन्हाळ्यात चाचकच्या डॉक्टरांनी तिच्या मुलाला, रादोमिरला, बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीचं हृदय थकलंय, हिवाळा निघाला तर नशीब. रादोमिरच्या पोटात काही राहत नाही. बाहेर आला तो लाल डोळे घेऊन, आणि आजी काय ते समजली. मरणाचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिला घोर दुसराच.

"विदे पोरी," ती म्हणाली, "मी गेले की हा बावळट माझा ओळखपत्रावरचा फोटो नेऊन देईल दगडवाल्याला. मग मी जन्मभर, म्हणजे पुढचा जन्मभर, पोलीस ठाण्यात बसल्यासारखी बसू? वुकोमानच्या शेजारी? काहीतरी कर."

"करते, आजी," विदा म्हणाली. पण कसं, ते तिलाही माहीत नव्हतं. ऑक्टोबरात रादोमिरच्या मुलीचं, तियानाचं लग्न होतं. त्यानंतर आजीला घराबाहेर काढायला कुणाची हिंमत झाली नसती. जे काय व्हायचं ते तोवरच.

सप्टेंबरात आजीला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आणि विदाला कॅमेऱ्याच्या दुकानात जायचं होतं. गाडी माझी. तेव्हा तिघंही निघालो. डॉक्टर उरकल्यावर आजीने घरी जायला साफ नकार दिला. म्हणाली, "मेल्या, मलाही दुकान दाखव. पुढे कुठे बघायचंय मी?"

दुकानदार दाढीवाला, शांत गृहस्थ होता. आजीला त्याने आधी स्टूल दिलं आणि मग विदाला विचारलं, "कशासाठी हवाय?"

"माझा मोठा रुसला तर लग्न पार पाडायला."

त्याने एक चपटा, रुपेरी, खिशात मावणारा काढला. दिसायला सुंदर. विदाने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "ह्याच्या पोटात काय घालायचं?"

"ह्याची स्वतःची बॅटरी असते. रात्री चार्ज करायची."

"आणि ग्राबोवात्सात भर दुपारी संपली तर?"

त्या गृहस्थाने रुपेरी कॅमेरा आत ठेवला आणि पेन्सिल सेलवर चालणारे दोन-तीन काढून मांडले. "हे घ्या. सेल वाण्याकडे मिळतील."

"वाणी लग्नातच असतो," विदा म्हणाली. "पण सेल टीव्हीच्या रिमोटमधूनही काढता येतील. रिमोट घरोघरी आहे."

मग तिने डोळा लावून बघायचं भोक आहे का ते पाहिलं. उन्हात त्या मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, आणि हात लांब करून फोटो काढणं तिला आरशात तोंड बघितल्यासारखं वाटतं. मोठ्या कॅमेऱ्यातलं कार्ड ह्यात बसतं का, तेही घालून पाहिलं. आवाज बंद करता येतो का, ते विचारलं, कारण पाद्रीबाबा मंत्र म्हणत असताना टिकटिक झाली की ते मुद्दाम थांबून बघतात. मी कंटाळून गेलो होतो. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"स्रेतेन, टोपी काढ. वर उडव."

"काय?"

"टोपी वर उडव. सगळ्यात वर गेली की मी बटण दाबणार. दाबल्यावर हा किती वेळ विचार करत बसतो ते बघायचंय."

मी उडवली. नाही म्हणायची सोय असती तर उडवली नसती. पहिल्या कॅमेऱ्यात नुसता छतावरचा दिवा आला, टोपी तोवर जमिनीवर. दुसऱ्यात मी आलो, तोंड वासून वर बघणारा, आणि टोपी कुठेच नाही. गिऱ्हाइकं गोळा झाली. पुन्हा उडव, पुन्हा वेच. तिसऱ्या खेपेला टोपी कपाटावर जाऊन बसली आणि दुकानदार झाडू आणायला गेला.

तेव्हा कोसाराआजी हसली. इतकी वर्षं मी त्या घरी वाजवतोय, पण असं हसताना तिला पाहिलं नव्हतं. तोंड सताड उघडं, उरलेले दोन दात दिसतायत, खांदे हलतायत, डोळ्यांत पाणी. विदा गर्रकन वळली आणि बटण दाबलं. कॅमेरा क्षणभर घुटमळला. पडद्यावर आजी आली ती तोंडावर हात ठेवून गप्प बसलेली, पुन्हा पोलीस ठाण्यात.

विदाने कॅमेरा माझ्यापुढे धरला. मग मला हळूच म्हणाली, "पाहिलंस? चेहरा आहे तिच्याकडे. हे यंत्र उशिरा पोचलं."

दुकानदाराने ते ऐकलं असावं. झाडू ठेवून तो आत गेला आणि एक जाडजूड, बुटका कॅमेरा घेऊन आला. "मागच्या वर्षीचा आहे. जाड म्हणून कुणी घेत नाही. पण वेळेवर टिपतो." मी न सांगता टोपी उडवली. फोटोत टोपी अधांतरी, बरोबर दिव्याच्या खाली. विदाने तोच घेतला. परतताना आजी मागच्या सीटवरून म्हणाली, "दिवसभर माकडासारख्या टोप्या उडवल्यात आणि घेतलात काय, तर साबणाची वडी."

गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. रादोमिर दुसऱ्याच दिवशी विदाच्या दारात.

"विदा, माझ्या पोरीच्या लग्नाला तोफच आण हं. असली खेळणी पोरं समुद्रावर नेतात."

"तोफच आणणार आहे. हा खिशात राहील."

"मग घेतलास कशाला?"

"खिशात राहायला."

रादोमिर डोकं हलवत गेला. त्याला फोटो हवा होता तो एकच: सफरचंदाचा. आमच्याकडे नवरीच्या अंगणात उंच काठीच्या टोकाला सफरचंद बांधतात. नवऱ्या मुलाने ते बंदुकीने पाडल्याशिवाय वऱ्हाडाला आत पाऊल टाकता येत नाही. घरोघरी बैठकीच्या खोलीत तो फोटो टांगलेला असतो, बंदूक, धूर आणि सफरचंदाच्या ठिकऱ्या. रादोमिरने चौकट आधीच करून भिंतीवर लावली होती, रिकामी.

लग्नाचा दिवस स्वच्छ उजाडला. वऱ्हाड यायचं होतं, आम्ही वाजवत होतो, बाया ज्याच्या-त्याच्या छातीवर रोझमेरीची डहाळी टाचत होत्या. रादोमिर फिती बांधलेली लाकडी सुरई घेऊन प्रत्येकाला राकियाचा, म्हणजे आलुबुखाराच्या दारूचा, घोट देत फिरत होता. नवरीच्या बापाच्या हातचा घोट नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. ते कुणी करत नाही. तो विदापाशी आला. तिचे दोन्ही हात तोफेला गुंतलेले, डोळा आत.

"विदा, घोट."

"थांब जरा."

"हात गुंतलेत तर राहू देत. तोंड उघड, मीच पाजतो."

तिने तोंड उघडलं. त्याने मायेने सुरई लावली. आणि त्याच क्षणी कुणीतरी तितक्याच मायेने रादोमिरच्या पाठीवर थाप मारली. अर्धी सुरई तोफेवर. कॅमेऱ्याने आतून एक उचकी दिली आणि डोळा मिटला. अंगणभर आलुबुखाराचा वास सुटला. रादोमिरचा चेहरा पांढराफटक. माझी बोटं थांबली, माझ्या मागे सगळा बँड थांबला.

विदाने रुमाल काढून आधी तोंड पुसलं. मग तोफ कुंपणाच्या खुंटीला वाळत घातल्यासारखी टांगली आणि एप्रनच्या खिशातून साबणाची वडी काढली.

"वाजव, स्रेतेन," ती म्हणाली. "कुणी मेलंय का?"

मी वाजवायला लागलो, पण लक्ष तिच्याकडे. आणि खरं सांगतो, तिला एवढं सुरेख काम करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तोफ असली की लोक तिच्याकडे वळून पोट आत घ्यायचे. आता ती बायांच्या घोळक्यात हातभर अंतरावर उभी असे आणि कुणाच्या ध्यानातही येत नसे. कुणी तोंड आखडून उभं राहिलं नाही. तियानाच्या मैत्रिणीने घाईत नवरीच्या झग्याची कड तोंडात धरली होती, तीसुद्धा विदाने टिपली. मधे सेल संपले तेव्हा ती सरळ बैठकीत गेली आणि बाहेर आली. रादोमिरकडे तो दिवस टीव्ही बंदच होता.

वऱ्हाड आलं. नवरा मुलगा रेल्या, व्हिएन्नात वाढलेला, ट्राम चालवतो. बंदूक त्याने सिनेमातच पाहिलेली. काठीच्या समोर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, खुर्चीत कोसाराआजी, पायावर घोंगडी. पहिली गोळी आकाशात गेली. दुसरी कुठे गेली ते अजून कुणाला कळलेलं नाही. प्रत्येक गोळीनंतर मी एक रडकी तान सोडत होतो, ती माझी खोडच आहे. पोराला घाम फुटला, त्याचा बाप कानात कुजबुजतोय, सूप चुलीवर आटतंय.

"रेल्या, बाळा," आजी खुर्चीतून म्हणाली, "सफरचंद वर आहे. खाली आहेत त्या माझ्या कोंबड्या."

लोक हसले, आजी मात्र अजून गंभीर होती. मी विदाला शोधलं आणि चरकलो. सगळं अंगण काठीकडे बघत होतं आणि ती एकटी काठीकडे पाठ करून आजीसमोर गुडघ्यावर बसली होती. ओठांत टाचण्या, डोळा त्या भोकाला. मला ओरडून सांगायचं होतं, विदे, मागे बघ, रादोमिर तुला कच्ची खाईल. पण तोंडात ट्रम्पेट होतं.

रादोमिरला राहवेना. त्याने हात वर करून बंदूक खाली ठेवायला लावली आणि काठी वाकडी आहे, काठीच वाकडी आहे असं बडबडत ती सरळ करायला गेला. त्याने काठी हलवली मात्र, दोरी सुटली आणि सफरचंद, एकही ओरखडा नसलेलं, थेट त्याच्या टकलावर. टप्प असा आवाज मला बँडच्या जागेवरून ऐकू आला.

अंगण हशाने फुटलं. मी हसलो, नवरा हसला, पाद्रीबाबासुद्धा हसले. हे पाडणं धरायचं की नाही यावर लगेच वाद सुरू झाला, तो आजीने मिटवला. "पडलं ना? मग घ्या पोराला आत."

जेवणं सुरू झाल्यावर रादोमिर टाळूवर गार चमचा दाबत विदापाशी आला. सफरचंदाचा फोटो बघू म्हणाला.

"नाहीये," विदा म्हणाली.

"नाहीये म्हणजे?"

"मी पाठमोरी होते."

तो लालबुंद झाला. "मला एकच मुलगी आहे, विदा. एकदाच पडतं ते सफरचंद. त्या भिंतीवर मी काय लावू, माझं टेंगूळ?"

"आणि माझ्याकडे एकच कॅमेरा होता, रादोमिर. दुसरा कुंपणावर वाळतोय."

पण ती त्याला टोचून थांबली नाही. बटण दाबत एक फोटो पुढे आणला आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. कोसाराआजी होती. रुमाल मागे सरकलेला, मान मागे टाकलेली, दोन दात, ओले डोळे, आणि ते डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, कुठेतरी वर, अंगणाच्या पलीकडच्या टोकाला. ती आपल्या पोराकडे बघत होती. पन्नाशी उलटलेल्या, टकल्या, डोक्यावर सफरचंद पडलेल्या तिच्या पोराकडे, इतक्या कौतुकाने की मला तिथे उभं राहवेना.

रादोमिर कोठीमागे गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. कॅमेरा दोन्ही हातांत धरून तो आईपाशी जाऊन बसला. आजीने तो हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब केला.

"ही मी?"

"तू, आई."

"दात दोनच दिसतायत."

"दोनच आहेत, आई."

मग तिने कॅमेरा विदाच्या हातात दिला आणि म्हणाली, "हीच. आता दगडवाल्याला सांग."

दगडवाल्याने खूप कुरकुर केली. दगडावर कुणी हसत नाही, बघणारे काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. आजीने त्याला निरोप पाठवला, बघणारे म्हणतील ही कोण बाई आहे, जरा थांबू या. तो टोचत होता ते सगळे दिवस विदा त्याच्या शेडमध्ये जाऊन बसली. खांदा खाली घे, रुमालाची घडी अशी नाही पडत, असं करत त्या माणसाच्या नाकी नऊ आणले. त्या फोटोचे आणि त्या खेपांचे तिने काहीही घेतलं नाही. मी विचारलं तर माझ्यावरच खेकसली.

नोव्हेंबरात पितरांचा शनिवार आला. आजी ऐकेना, तेव्हा रादोमिरने आणि मी तिला दोन्ही हातांना धरून टेकडी चढवली, विदा मागून मेणबत्त्या आणि शिजवलेले गहू घेऊन. दर दहा पावलांवर थांबावं लागत होतं. वर पोचलो तर दगड धुतलेला, चकचकीत. डाव्या अंगाला वुकोमान, होता तसाच, तोंड पाडून. उजव्या अंगाला ती.

आजीने आमचे हात सोडले. दगडाजवळ गेली, कोरलेल्या गालावरून बोट फिरवलं, दातांवरून फिरवलं. विदा उघड रडत होती. मीही रडत होतो, सांगायला कसली लाज. आजीने वुकोमानसाठी थोडी राकिया मातीत ओतली आणि त्याच्या चेहऱ्याशी वाकून, आपण अंगणातून शेजाऱ्याशी बोलतो तसं बोलली.

"अहो, ऐकलंत का? ही आली. मी नाही आले अजून. तोवर हिच्याशी बोला."